मागचे पाय गेलेला डॅशहंड: मणक्यातली गादी, ऑपरेशन आणि नंतरची शुश्रूषा

पार्श्वभूमी

कुत्रा डॅशहंड, पाच वर्षांचा, नसबंदी झालेला नर. इथे त्याला बंड्या म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजन 10.2 किलो. त्याच्या हाडापेराला साडेआठ-पावणेनऊ किलो पुरे होतं. नऊ गुणांच्या शरीरस्थितीच्या मापावर तो सातवर होता, म्हणजे फासळ्या जोर देऊन चाचपल्याशिवाय हाताला लागत नव्हत्या आणि वरून पाहिलं तर कंबर दिसत नव्हती. घरात नोकरी करणारं जोडपं आणि आजोबा. दिवसभर कुत्रा आजोबांपाशी असे. आजोबांचे गुडघे दुखरे, खाली बसून उठणं त्यांना जड जाई.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीला बाहेरून तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. डॅशहंड, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज, शिह त्झू, बीगल अशा जातींत हा गर पिल्लू वर्षाचं होईतोवरच वाळायला लागतो आणि त्यात कॅल्शियम साठतं. यामागे 12व्या गुणसूत्रावरची एफजीएफ4 या जनुकाची जादा प्रत आहे, हे 2017 मध्ये पुढे आलं. वाळलेला गर धक्का सोसत नाही, सगळा भार कड्यावर येतो. कडं नेमकं मज्जारज्जूच्या बाजूला पातळ असतं. ते फाटलं की गर जोरात वर फेकला जातो. मज्जारज्जूला आधी मार बसतो, मग दाब. याला हॅन्सन प्रकार 1 म्हणतात. मोठ्या जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांत कडं हळूहळू फुगत जातं तो प्रकार 2, त्याची चाल निराळी. पाठीच्या पुढच्या भागात बरगड्यांच्या टोकांना जोडणारा आडवा बंध गादीच्या वरून जातो, म्हणून तिथे हे क्वचित घडतं. छातीच्या अकराव्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्यापर्यंतचा टप्पा सगळ्यात जास्त फसतो.

वर्षभरापूर्वी बंड्या दोन दिवस थरथरत होता, जिना चढत नव्हता. वेदनाशामक दिलं, बरा झाला, विषय संपला. सोफ्यावरच्या उड्या चालूच राहिल्या.

त्रास कसा वाढत गेला

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याने पाठ कमानीसारखी वर काढली, पोट घट्ट धरलं, उचलताना किंचाळला. घरच्यांना वाटलं पोट दुखतंय. ही गफलत नेहमीची आहे. पाठ दुखणारा कुत्रा पोटाचे स्नायू आवळून ठेवतो, त्यामुळे पोटाला हात लावला की तेच दुखतंय असं वाटतं. फरक असा कळतो: एक हात पोटाखाली सैल ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने मणक्यांच्या दोन्ही बाजूंना मागून पुढे हलकं दाबत जायचं. पाठीचं दुखणं असेल तर एका ठराविक जागी पाठीची कातडी थरारते आणि कुत्रा मान वळवतो.

दवाखान्यात हेच दिसलं. चारही पाय चालत होते, मागचा पंजा उलटा ठेवला तर लगेच सरळ होत होता. म्हणजे नुसती वेदना, पाच श्रेणींतली पहिली. साध्या एक्सरेत छातीच्या बाराव्या-तेराव्या मणक्यामधली जागा अरुंद दिसली. एक्सरेत मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे त्यावरून संशय घेता येतो, ऑपरेशनची जागा ठरवता येत नाही. सूज-वेदनेवरचं मेलॉक्सिकॅम (पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, मग रोज 0.1) आणि गॅबापेन्टिन (किलोमागे 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी) लिहून दिलं. गॅबापेन्टिनची कॅप्सूल दिली हे बरं झालं. माणसांसाठीच्या पातळ औषधात काही वेळा झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. वर सांगितलं, ‘विश्रांती द्या.’

हे दोन शब्द घरी पोचले, पण त्यांचा अर्थ पोचला नाही. फिरायला न्यायचं नाही एवढाच अर्थ घेतला गेला. कुत्रा घरात मोकळाच होता. औषधाने दुखणं दबलं आणि तिसऱ्या दिवशी तो पलंगावरून उडी मारून दाराशी पळाला. वेदनाशामक द्यायचं आणि पिंजऱ्यात ठेवायचं नाही, हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. दुखत असतं तर निदान तो जागेवर पडून राहिला असता.

मध्येच आणखी एक गोष्ट घडली. दुसऱ्या रात्री तो कण्हत होता म्हणून आजोबांनी जुन्या खाजेच्या वेळची उरलेली प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची अर्धी गोळी दिली. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅम एकत्र गेले की जठराला आणि आतड्याला व्रण पडतात, कधी भोकही पडतं. हे दवाखान्याला कळलं चौथ्या दिवशी, तेही ‘घरातलं दुसरं कुठलं औषध गेलंय का?’ असं थेट विचारल्यावर.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला मागचे पाय लटपटत होते, एकमेकांत अडकत होते. दुसरी श्रेणी. आजोबांनी मुलाला फोन केला. संध्याकाळी येताना दाखवू असं ठरलं. दुपारी तीनला उठता येईना, पाय हलत होते पण अंगाचा भार पेलत नव्हते. तिसरी. रात्री साडेसातला दवाखान्यात पोचेपर्यंत मागच्या पायांत स्वतःहून होणारी हालचाल शून्य होती.

तपासणी

इथून पुढचं सगळं एका प्रश्नावर टांगलेलं होतं: खोल वेदनेची जाणीव शिल्लक आहे का? पाय लुळे, पण जाणीव आहे, ही चौथी श्रेणी. जाणीवही गेली तर पाचवी. चौथीत ऑपरेशन झालं तर दहातले नऊच्या आसपास कुत्रे पुन्हा चालतात. पाचवीत हेच प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्या किंचित वर येतं.

डॉक्टरांनी चिमट्याने उजव्या मागच्या पंजाचं बोट हाडापर्यंत दाबलं. पाय झटकन वर ओढला गेला. ‘बघा, पाय ओढला!’ मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. पाय ओढला जाणं ही कमरेतल्या कमरेत घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मेंदूचा त्याच्याशी संबंध नाही. दुखापतीच्या वर-खालचा संपर्क पूर्ण तुटला तरी ती होते. बघायचं तोंडाकडे: मान वळते का, गुरगुरतो का, चावायला येतो का, निदान बाहुल्या मोठ्या होतात का, जीभ ओठांवरून फिरते का. दुसऱ्या दाबाला बंड्याने वळून गुरगुर केली. डाव्या पायाला पहिल्या दोन बोटांना काहीच नाही, तिसऱ्याला उशिराने ओठ चाटले. दोन्ही मागचे पाय आणि शेपूट यांत कुठेही जाणीव असली तर ती आहे असंच धरतात. म्हणून चौथी श्रेणी, पण काठावरची.

अंथरूण ओलं होतं. ‘लघवी मात्र होतेय,’ असं घरचे समाधानाने सांगत होते. सोनोग्राफीत मूत्राशय तट्ट फुगलेलं निघालं. नळी घातली तर 230 मिलि लघवी आली. निरोगी कुत्र्यात ताशी किलोमागे 1 ते 2 मिलि लघवी तयार होते. हिशेब केला तर या कुत्र्याने सकाळपासून स्वतःहून लघवी केलीच नव्हती. भरून वाहिलेली तेवढी गादीवर सांडली होती.

समोरचे पर्याय

नुसता पिंजरा, औषधं आणि शुश्रूषा. चालणाऱ्या कुत्र्याला हाच पहिला मार्ग, किमान चार आठवडे. पण चौथ्या श्रेणीत याने उभे राहणारे साधारण निम्मेच, तेही उशिरा, आणि दुखणं उलटण्याची शक्यता जास्त. शिवाय वाट बघताना जाणीव गेली तर हातातली चांगली वेळ गेलेली असते.

ऑपरेशन. त्यासाठी आधी एमआरआय किंवा सीटी हवं. मज्जारज्जूची सूज, रक्तस्राव, इतर आजार हे एमआरआयमध्ये नीट दिसतं. खर्च आणि भुलीचा वेळ जास्त. डॅशहंडमध्ये गरात कॅल्शियम असल्यामुळे सीटीत तो पांढरा उठून दिसतो आणि तपासणी काही मिनिटांत होते. कुटुंबाची खर्चाची मर्यादा स्पष्ट होती. आधी सीटी, त्यात उत्तर मिळालं नाही तरच एमआरआय, असं ठरलं.

भारी मात्रेत स्टेरॉइड. जुन्या सवयीने हे अजून सुचवलं जातं. यातून चालण्यात फायदा झाल्याचं सिद्ध नाही, आतड्याचा रक्तस्राव आणि लघवीचा संसर्ग मात्र वाढतो. इथे तर आधीच गोंधळ झालेला. नाकारलं.

दयामरण. डॉक्टरांनी हा विषय स्वतः काढला, आणि ते योग्यच केलं. लोकांच्या मनात तो असतो, विचारायची लाज वाटते. त्यांनी सांगितलं की आज त्याचं कारण नाही. ऑपरेशन शक्यच नसतं तरी चाकांची गाडी आणि नियमित लघवी काढणं यावर अनेक कुत्रे सुखाने जगतात. पण दिवसातून तीन-चारदा लघवी काढायला कोण आहे, याचं उत्तर त्यासाठी लागतं.

ऑपरेशन ठरलं. प्रश्न उरला वेळेचा. शस्त्रक्रियेची पूर्ण टीम सकाळी नऊला येणार होती. रात्रीच बोलवायची का? दर दोन तासांनी जाणीव तपासायची, कुठल्याही एका पायाची गेली तर टीमला उठवायचं, असं ठरवून लिहून ठेवलं. मेलॉक्सिकॅम बंद, जठरातलं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल सुरू, वेदनेसाठी मेथाडोनचं इंजेक्शन.

ऑपरेशन

रात्री दोनच्या तपासणीत डाव्या पायाला प्रतिसाद नव्हता, तिन्ही वेळा दाबूनही. उजव्याला होता. फोन गेले, साडेपाचला सीटी आणि सहाला सुरुवात झाली.

सीटीत छातीच्या बाराव्या-तेराव्या मणक्यामध्ये गर डाव्या बाजूने मज्जारज्जूच्या पोकळीत शिरलेला होता आणि त्याने निम्म्याहून जास्त जागा व्यापली होती. इथे लक्षणं आणि बाजू जुळली; दर वेळी जुळतात असं नाही, उलट बाजूचा पायही जास्त लुळा असू शकतो. म्हणूनच नुसत्या लक्षणांवरून चीर कुठे घ्यायची ते ठरवत नाहीत. डाव्या बाजूने हेमिलॅमिनेक्टमी केली: मणक्याच्या कमानीची एक बाजू हाय-स्पीड ड्रिलने खिडकीइतकी उघडायची, आणि बारीक हुकाने भुरभुरीत गर मज्जारज्जूवर अजिबात जोर न देता बाहेर ओढून काढायचा. त्याच चिरेतून आजूबाजूच्या गाद्यांना फेनेस्ट्रेशन केलं, म्हणजे कड्याला छेद देऊन आतला वाळका गर काढून टाकला, जेणेकरून उद्या त्या फुटू नयेत. धोका याने कमी होतो, संपत नाही. मज्जारज्जू सुजलेला होता पण अखंड होता.

पहिले तीन दिवस दवाखान्यात

मेथाडोन आणि गॅबापेन्टिन. स्टेरॉइड गेलेलं असल्याने सूज-वेदनेची नेहमीची गोळी आठवडाभर दिलीच नाही. दुसऱ्या दिवशी शी काळपट, चिकट झाली, म्हणजे वरच्या आतड्यातून थोडं रक्त. व्रणावरचं सुक्राल्फेट हे औषध जोडीला दिलं, दोन दिवसांत रंग सुधारला. अर्ध्या गोळीची एवढी किंमत म्हणजे स्वस्तात सुटका.

एक भीती या दिवसांत सगळ्यांना असते, घरच्यांना कुणी सांगत नाही: मज्जारज्जू आतून मरत जाणं आणि ते मरण वर सरकणं, म्हणजे मायलोमलेशिया. जाणीव गेलेल्या कुत्र्यांत दहात एकाच्या आसपास हे होतं, बहुधा पहिल्या आठवड्यात, आणि त्यावर उपाय नाही. लक्षणं अशी: मागचे पाय कडकपणा सोडून मऊ पडतात, पोट सैल होतं, शेपटीखाली स्पर्श केला तर गुदद्वार आवळत नाही, ताप येतो, आणि पाठीची कातडी जिथपर्यंत थरारते ती रेघ पुढे सरकते. बंड्याच्या पाठीवर केस काढलेल्या भागात ही रेघ मार्करने आखली होती आणि दर सहा तासांनी नवी रेघ त्याच जागी येते का ते पाहत होते. रेघ हलली नाही. ऑपरेशननंतर चोवीस तासांत डाव्या पायाची जाणीव परत आली.

घरी: मूत्राशय

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्याला घरी सोडलं. पुढचे दिवसही ऑपरेशनपासून मोजलेले आहेत. लघवी कशी काढायची हे मुलाला दाखवलं, त्याने स्वतः दोनदा करून दाखवलं.

पद्धत अशी. कुत्र्याला उभं धरायचं, पोटाखाली टॉवेलचा झोळ. किंवा उजव्या कुशीवर झोपवायचं. दोन्ही तळहात सपाट, बोटं जुळवलेली, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे पोटाच्या दोन बाजूंना. पाणी भरलेल्या फुग्यासारखी गोल वस्तू हाताला लागते. ती सापडेपर्यंत दाबायचं नाही. सापडली की हात एकमेकांकडे आणि थोडं मागे, सावकाश, सारख्या जोराने नेत दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचे. धार सुरू झाली की जोर तसाच ठेवायचा, मध्ये सोडायचा नाही. बोटांच्या टोकांनी दाबलं तर कुत्रा पोट आवळतो आणि मूत्राशय निसटतं. दुखापत कमरेच्या वर असल्याने बंड्याचं मूत्राशयाचं तोंड आवळून बसलेलं होतं, नुसत्या जोराने ते उघडत नाही. अशा वेळी जास्त दाबणं धोक्याचं, मूत्राशय फाटू शकतं. तोंड सैल करायला प्राझोसिन दिलं होतं. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून पहिले दोन दिवस कुत्रा गळून जातो का ते बघावं लागतं. वेळा: सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री अकरा.

दुपारी एक वाजता घरी फक्त आजोबा.

त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मुलाने फोनवर व्हिडिओ दाखवला. आजोबांना खाली बसता येईना, मूत्राशय सापडेना. पण झोळीने उचललं की लघवी सांडते हे त्यांनी पाहिलं आणि घरात एकमत झालं की आता हा स्वतः करतो. दुपारची पाळी बंद झाली. नवव्या दिवशी लघवी गढूळ, वास उग्र, ताप 39.7 अंश सेल्सिअस, खाण्यावरून लक्ष उडालेलं. सोनोग्राफीत मूत्राशयात 140 मिलि. सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतला, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हे जंतू निघाले. जंतूंवर कुठलं औषध लागू पडेल याचा अहवाल येईपर्यंत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट हे प्रतिजैविक, अहवालानेही तेच चालेल असं सांगितलं.

स्वतः करणं आणि सांडणं यांतला फरक ओळखायला तीन गोष्टी पुरतात. स्वतः करणारा कुत्रा उचललेला नसतानाही सुरुवात करतो, धार सलग येते, आणि नंतर मूत्राशय हाताला लहान आणि मऊ लागतं. उचलताना, भुंकताना, कूस बदलताना थेंब-थेंब पडणं म्हणजे भरून वाहणं. शंका असेल तर वजनकाटा वापरावा: कोरा पॅड तोलून ठेवायचा, ओला झाला की पुन्हा तोलायचा, वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलि. दहा किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा आकडा 240 मिलिच्या बराच खाली राहिला, तर बाकीची आत साठतेय असं धरून तपासायला न्यावं.

यानंतर उपाय निघाला तो अगदी साधा. कंबरेएवढ्या उंचीच्या टेबलावर न घसरणारी चटई टाकली, आजोबा उभ्याने काम करू लागले. दहा किलो उचलणं त्यांच्याच्याने होत नव्हतं, म्हणून सून सकाळी निघताना कुत्र्याचा पिंजरा त्या टेबलालगतच्या बाकावर ठेवून बाकाला बांधून जाई. दवाखान्यातल्या परिचारिकेने आजोबांचे हात हातात घेऊन एकदा मूत्राशय शोधून दिलं. तेवढ्यावर जमलं.

त्वचेचंही याच काळात बघावं लागलं. पोटाखालचे आणि मांडीच्या आतले केस बारीक कापले, दर वेळी कोमट पाण्याने धुऊन कोरडं केलं, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. लहान मुलांच्या पुरळावरची झिंक ऑक्साइडची क्रीम लावू नये, कुत्रा चाटतो आणि जस्ताची विषबाधा होते. कूस दर चार तासांनी बदलायची. खुब्याचं, कोपराचं हाड जिथे टेकतं तिथली लाली रोज बघायची.

शी आपोआप होते, तिची काळजी कमी. कुत्र्याला आधी कळत नाही एवढंच.

पिंजरा आणि व्यायाम

पिंजरा एवढा की उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. त्याहून मोठा नाही. सहा आठवडे. बाहेर काढायचं ते लघवी, शी आणि व्यायामापुरतं, कायम हार्नेस आणि पोटाखाली झोळ. उचलताना एक हात छातीखाली, एक पार्श्वभागाखाली, पाठ आडवी सरळ. काखेत धरून उभं उचलायचं नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त सांधे हलवणं: झोपवून प्रत्येक मागच्या पायाचा खुबा, गुडघा, घोटा आणि बोटं एकेक करून, प्रत्येकी दहा-बारा वेळा, दिवसातून तीनदा, दुखेल इतकं ताणायचं नाही. मग बोटांच्या मधल्या कातडीला हलका चिमटा, पाय ओढू लागला की किंचित धरून ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यापासून आधाराने उभं करणं: चारही पंजे नीट टेकलेले, पंजा उलटा पडला तर हाताने सरळ करायचा, पाच-दहा सेकंद, मग वाढवत न्यायचं. बाराव्या दिवशी टाके काढले, चौदाव्यापासून पाण्यातली ट्रेडमिल, सुरुवातीला एकेका मिनिटाचे तीन-चार तुकडे.

सुधारणेचा क्रम असा राहिला. पाचव्या दिवशी नाव घेतल्यावर शेपूट हलली. लघवी काढताना हलणारी शेपूट मोजत नाहीत, ती प्रतिक्षिप्त असते. हाक ऐकून हललेली मोजतात. अकराव्या दिवशी उजवी मांडी, पंधराव्याला डावी. सतराव्या दिवशी आधार काढल्यावर क्षणभर उभा राहिला. तेविसाव्याला चार पावलं टाकून कोलमडला, आणि त्याच दिवशी अंगणात स्वतःहून लघवी केली. मूत्राशय नंतर रिकामं सापडलं. प्राझोसिन पुढच्या दहा दिवसांत उतरवत बंद केलं.

सगळ्यात अवघड काळ हा, चौथ्या-पाचव्या आठवड्याचा. कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो, घरच्यांनाही. पिंजऱ्यात रडतो, आणि कुणीतरी विरघळतं. इथे कुणी विरघळलं नाही, कारण गॅबापेन्टिन आणि ट्रॅझोडोन यांनी त्याला शांत ठेवलं होतं. घरच्यांच्या निर्धाराला औषधाची जोड मिळाली हे खरं. डावा पंजा घासून बोटाची कातडी गेली तेव्हा बाहेर निघतानाच मोजा-बूट घातला, आत आल्यावर काढला. बूट घालून ठेवला की आत ओल राहते आणि जखम चिघळते.

खाणं लगेच बदललं. 8.6 किलोच्या लक्ष्यासाठी विश्रांतीची ऊर्जेची गरज निघते 350 किलोकॅलरीच्या आसपास (किलोतल्या वजनाचा 0.75 घात गुणिले 70). रोजचं खाणं त्यातच बसवलं, खाऊचे तुकडेही त्यातलेच. आठवड्याला अर्धा-पाऊण टक्का घट होत पाच महिन्यांत तो 8.8 वर आला.

निष्पत्ती

सहाव्या आठवड्यात लटपटत पण स्वतः चालत होता. तिसऱ्या महिन्यात दुडकी धाव. डावा पंजा घाईत वळताना अजून उलटा पडतो आणि डाव्या मागच्या पायाची मधली दोन नखं घासून इतरांपेक्षा आखूड राहतात; हे राहणारच. लघवीचं कल्चर उपचार संपल्यावर आठवड्याने पुन्हा केलं, स्वच्छ आलं. सोफ्याला उतार लावला, गुळगुळीत फरशीवर चटया टाकल्या, मानेचा पट्टा गेला, हार्नेस आला. नवव्या महिन्यात एकदा पाठ पुन्हा दुखली. त्याच तासाला पिंजरा, त्याच दिवशी तपासणी, चार आठवडे बंदिस्त; पाय गेले नाहीत.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा ‘विश्रांती द्या’ या वाक्याची. त्याऐवजी कागदावर पिंजऱ्याचं माप, आठवडे, आणि दिवसातून किती वेळा किती मिनिटं बाहेर, हे हवं होतं. शेवटी एक ओळ: चाल लटपटली तर त्याच तासाला फोन, उठता आलं नाही तर फोन न करता थेट या. ही ओळ असती तर चौथ्या दिवसाचे सकाळपासूनचे नऊ तास गेले नसते. त्या वेळी तो दुसऱ्या श्रेणीत होता, आणि तिथून ऑपरेशनचा निकाल चौथीपेक्षा चांगला आणि लवकर लागतो. औषधांबद्दलचा थेट प्रश्नही पहिल्याच भेटीत विचारायचा होता. ‘काही दिलंय का?’ याला लोक नाही म्हणतात. ‘घरात जुन्या कुठल्या गोळ्या आहेत, त्यातली एखादी दिली का, देऊ का असं वाटतंय का?’ याला खरं उत्तर येतं.

रात्री थांबण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर दोन मतं राहतील. जाणीव शाबूत असलेल्या कुत्र्यांत काही तासांच्या उशिराने शेवटचा निकाल बदलतो, असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. दमलेल्या अर्ध्या टीमने मध्यरात्री पाठ उघडण्याचेही धोके असतात. पण हा कुत्रा नऊ तासांत दोन श्रेणी उतरला होता आणि डावा पाय आठ वाजताच काठावर होता. एवढ्या वेगाने घसरणाऱ्याला सकाळपर्यंत थांबवण्याची बाजू आमच्या मते कमजोर होती. हा निर्णय वाचला तो दर दोन तासांच्या तपासणीने आणि आधीच लिहून ठेवलेल्या अटीने. अट लिहिलेली नसती तर रात्री दोनला ‘अजून एक पाय आहे ना’ म्हणून नऊची वाट बघितली गेली असती.

सर्वांत टाळता येण्याजोगी चूक मात्र डिस्चार्जची. शिकवलं त्याला, जो दुपारी घरी नसतो. सोडण्याच्या कागदावर औषधांच्या वेळांसमोर माणसाचं नाव लिहायला रकाना ठेवला असता तर दुपारी एकसमोर आजोबांचं नाव आलं असतं, आणि त्यांचे गुडघे, टेबलाची उंची, उचलण्याचं वजन हे सगळे प्रश्न तिथेच, घरी जाण्याआधी निघाले असते. ज्याचं नाव रकान्यात, त्याने दवाखान्यात सलग दोनदा मूत्राशय रिकामं करून दाखवावं आणि दुसऱ्या वेळेनंतर सोनोग्राफीने उरलेलं मोजावं. तीन दिवसांनी एक भेट ठेवावी, नवव्या दिवशी ताप येण्याची वाट बघू नये.

फेनेस्ट्रेशन फक्त त्या चिरेच्या टप्प्यातल्या गाद्यांचं झालंय. मानेच्या गाद्या आणि कमरेच्या खालच्या तशाच आहेत. आता पुढच्या वेळी मान खाली घालून चालणं, खाण्याच्या भांड्याकडे वाकायला नकार, खांद्याचे स्नायू थरथरणं हेही पाठीच्या दुखण्याइतकंच घाईचं समजायचं, असं आजोबांना वेगळं सांगून ठेवलं आहे.